बोलत रव

जामसंड्याला, घरामागच्या पडवीत
हवा भिंतीतून येते.
बटण दाबलं, कॉम्प्रेसर घुमला,
काटा सावकाश एकशेवीस पौंडांवर गेला
की पाना आपला आपण बोल्ट उलगडतो.

तारामुंबरीच्या रेतीत भिंत नाही.
तिथे बोट एका कुशीवर कललेली,
शाफ्टच्या कपलिंगचे सहा बोल्ट मिठाने एकजीव झालेले,
आणि चारला भरती.

टाकी मी घरून भरून आणली होती, टेम्पोत,
जुन्या रगात गुंडाळून, झोपलेलं मूल आणावं तशी.
तिने दोन बोल्ट दिले.
तिसऱ्याला नुसतीच उसासली.

समोरच्या घरातून वायर ओढू, म्हणाला कोणीतरी,
ओल्या रेतीवरून, तीन जोड मारून.
मी त्याच्या पायांकडे बघितलं. अनवाणी होता.
दिगूला वेल्डरकडचा काळा सिलिंडर आठवला:
"ऑक्सिजन, मगे काय? तोय वारोच मां!"
वाराच, दिगू. पण पान्याच्या पोटात तेल असतं,
आणि तेलाला हा वारा भेटला
की विझवायला खाडीसुद्धा उशिरा पोचते.

शेवटी सोडावाल्या इब्राहिम सोलकरांनी
एका लग्नाच्या ऑर्डरीतला गॅस उसना दिला,
रेग्युलेटरसकट.
"आडवा करू नको. बंद जागेत तर नकोच.
बाटलीत फसफसतो ना,
तोच माणसाच्या छातीत गप बसतो."

सिलिंडर उभा, माडाला सुंभाने बांधला.
बघता बघता रेग्युलेटरवर हिव चढलं, पांढरं,
मे महिन्याच्या उन्हात.
पोरं बोट लावून पळाली.

इंजिनाची खोली म्हणजे विहीर,
आणि हा गॅस तळाशी साचतो, दिसत नाही.
म्हणून सगळ्या फळ्या उचलल्या,
माझ्या कमरेला दोर,
दोराचं टोक सुगंधाच्या मुठीत.
बोट तिची, हप्ते थकलेले, तेही तिचेच.
ती म्हणाली, "एका बोल्टाक एक फेरी.
आणि बोलत रव.
बोलणां थांबलां काय ओढतंय."

तिसऱ्या बोल्टाला मी मासे मोजले:
पेडवे, सौंदाळे, इणगे, गुंजल्या, तारल्या.
वर आलो, श्वास घेतला, परत उतरलो.
चौथ्याला डिझेलचा भाव, मग गावाची उधारी, नावांसकट.
वर कोणीतरी हसलं, कोणीतरी हसायचं थांबलं.

पाचव्याला शब्दच संपले.
बोल्ट हलेना. दोराला ओढ लागली.
तेव्हा तोंडातून आलं ते वीस वर्षं गिळलेलं.

आमच्या भालू मेस्त्रींची टाकी फुटली ना, सुगंधा,
त्यांचा उजवा कान गेला,
तिच्या बुडाचा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा
हे माझं काम होतं.
इथली हवा पिळली तरी पाणी निघतं,
ते रोज सोडावं लागतं,
नाहीतर गंज टाकीला आतून खातो.
पाच महिने मी उघडला नाही.
संध्याकाळी क्रिकेट असायचं.

मेस्त्री म्हणाले, पत्राच जुना होता.
मरेपर्यंत म्हणत राहिले, पत्राच जुना होता.
मी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला बसायचो.

वरून काही आलं नाही.
बोल्ट कर्रकन सुटला.

फळीच्या कडेला हात टेकून मी बाहेर डोकं काढलं.
पाणी सुकाणूपर्यंत आलं होतं.
सुगंधाने दोराला पीळ दिला, माझ्याकडे न बघता.
"आयकलंय," ती म्हणाली.
"एक रवलो मां? जा. बोलत रव."

सहाव्याला काय बोललो, आठवत नाही.
दोर मात्र सैल होता.

रात्री पडवीत रग सोडला,
दिवा न लावता टाकीखाली हात घालून कॉक चाचपला.
तपकिरी पाणी आलं असणार, वासावरून, अर्धी वाटी.
शिट्टी कोरडी होईपर्यंत
मी हात काढला नाही.